लाइनवर माणसं

मंगळवार, ४ मार्च

आज रुजू झाले. नवी नोकरी आणि नवी वही एकाच दिवशी सुरू करायची माझी जुनी हौस. आई म्हणते, वह्या सुरू करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, संपवायचं मात्र नाव नको. ही संपवून दाखवते.

ऑफिस वीजकेंद्राच्या पहिल्या मजल्यावर आहे. एक टेबल, दोन स्क्रीन, एक टेलिफोन, आणि खुर्ची अशी की टेकून बसलं तर माणूस थेट जमिनीवर. खिडकी मात्र झकास. समोर लांबलचक गल्ली आणि बरोबर नाकासमोर खांब नंबर एकोणीस. माझं काम याच गल्लीचं. इथल्या बासष्ट छतांवर सोलर बसलंय. त्यांची वीज आता आपल्या तारांत घ्यायची आहे. पूर्वी सोपं होतं, वीज आपल्याकडून निघायची आणि घराघरांत जायची. आता दुपारी उन्हं चढली की घरंच वीज उलटी पाठवतात. कुठून किती आली, कुठे गेली, हे सांभाळणं माझ्याकडे. कॉलेजात मी यावरच प्रकल्प केला होता, त्यामुळे सध्या कॉलर जरा ताठ आहे.

राहायला खोलीही मिळाली, इथल्याच जुन्या वायरमनच्या घरी, माडीवर. त्यांना सगळे 'सावकाश' म्हणतात. शिडी लावताना, चहा ओतताना, रस्ता ओलांडताना, तोंडात एकच शब्द. महिनाअखेर निवृत्त होणार आहेत. ऑफिसात मला मॅडम म्हणतात आणि घरी आलं की पोरी. काकूंनी जेवायला इतकं वाढलं की आता वाकता येत नाहीये.

शुक्रवार, ७ मार्च

इथली एक पद्धत मला फार आवडली. वायरमन खांबावर चढण्याआधी लाइन बंद करतो आणि स्विचच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात. दुसऱ्या कुणी ते कुलूप काढायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही. काम झालं, माणूस खाली उतरला, कुलूप निघालं, की मला फोन. मग मी कॉम्प्युटरवर 'चढलेला माणूस उतरला आहे' यापुढे 'हो' लिहायचं, तेव्हा कुठे सप्लाय सुरू होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा असतो, लाइनवर माणसं किती.

पण तो आकडा पहिल्या दिवसापासून एकच आहे. म्हटलं, कोण बाबा वर बसलाय चार दिवस? हसत विचारलं खरं, पण सावकाशकाका हसले नाहीत.

खांब एकोणीसच्या पेटीला एक गंजलेलं कुलूप आहे. ते बारक्याचं. बारक्या म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, काकांच्याच हाताखाली वायरमन झालेला. अंगाने काडी आणि कायम घाई. काका सावकाश म्हणत, तो 'झालं, झालं' म्हणत असे. चार वर्षांपूर्वी, भर दुपारी, लाइन बंद करून, कुलूप लावून तो चढला. गल्लीच्या टोकाच्या घरमालकाने कुणाला न सांगता छतावर सोलर आणि बॅटरी स्वतःच जोडून घेतली होती. नवी यंत्रं लाइन बंद झाली की आपोआप थांबतात. हे घरगुती जोडलेलं थांबलं नाही. बंद तारेत त्या घरातून वीज आली. काका खांबावर चढायच्या आधी तारेवर लोखंडी साखळी टाकतात, चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी म्हणून. बारक्याने घाईत टाकली नव्हती.

किल्ली सापडली नाही. काका म्हणाले, ज्याचं कुलूप त्याने काढायचं, आणि तो काही आला नाही काढायला. म्हणून कुलूप तसंच, स्विच बंदच, आणि कागदोपत्री बारक्या अजून वर. मला गलबलून आलं. मग राग आला, की चार वर्षं एक अख्खा स्विच नुसता शोकापायी बंद ठेवतात म्हणजे काय!

बुधवार, १२ मार्च

दुपारी गल्लीच्या खालच्या भागात व्होल्टेज फार चढतं. बासष्टपैकी पंचेचाळीस छतं तिकडेच, आणि वीज वापरायला दुपारी घरात कोणी नाही. दोन फ्रिज आणि एक पंखा आधीच गेले, आणि त्या घरांतल्या बायका मला खिडकीखालून ऐकवून गेल्या. वरच्या भागात बर्फाचा कारखाना आहे, तो ही सगळी वीज एका घासात गिळेल. पण दोन्ही भाग जोडणारा स्विच खांब एकोणीसवर. बारक्याच्या कुलपाखाली.

साहेब म्हणाले, तुम्हीच ठरवा, तुमचंच टेबल. म्हणजे सही माझी आणि झोप त्यांची.

शुक्रवार, १४ मार्च

कुलूप कापलं. काका रजेवर असलेला दिवस निवडला, हे कबूल करते. बाहेरचा फिटर बोलावला, पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटर मात्र अडून बसला. लाइनवर माणूस आहे म्हणे, स्विच लागणार नाही. फॉर्ममध्ये मेला, सोडून गेला, असा पर्यायच नाही. चढलेला माणूस उतरला आहे? हो किंवा नाही. बस्स.

मी 'हो' केलं. खाली माझं नाव आपोआप उमटलं.

आकडा शून्य झाला, स्विच लागला, व्होल्टेज जागेवर आलं. इतकं देखणं काम मी आजवर केलं नव्हतं. कापलेलं कुलूप माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, काकांना द्यायला.

सोमवार, १७ मार्च

काका रागावतील म्हणून शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी नुसतं कुलूप घेतलं आणि पँटच्या खिशात टाकलं. वाईट वाटलं. काकूंनी मात्र विचारलं. आवाज चढवला नाही, भाजी निवडता निवडताच विचारलं, की तो उतरला असं तू लिहिलंस ना पोरी, मग घरी का नाही आला?

जेवायला त्यांनी चौथं ताट मांडलं. काकांनी ते उचललं नाही, मीही नाही.

ऑफिसात दोन किरकोळ गोष्टी. दुपारी साडेबाराला कोपऱ्यातला आकडा पुन्हा एक झाला, आज कोणीच चढलं नसताना. आणि नकाशात बासष्टऐवजी त्रेसष्ट घरं वीज पाठवताना दिसतात. आकडा मी शून्य केला. कॉम्प्युटरच्या चुका असतात.

बुधवार, १९ मार्च

त्रेसष्टावं म्हणजे टोकाचं घर. रोज साडेबारा ते एक वीज पाठवतं. आज भर उन्हात जाऊन आले. दाराला टाळं, मालक केव्हाच गाव सोडून गेलेला. शेजारणीकडून शिडी घेऊन छतावर चढले. पॅनल नाहीत. चार-चार भोकांच्या ओळी आणि पाखरांची घाण. खाली मीटरची पेटी उघडली, आत मीटरच नाही. तारांची दोन टोकं, टेप गुंडाळलेली. टेप कोमट होती. उन्हाने असेल. पण पेटी सावलीत आहे.

परत आले तर नोंद होती. दीड युनिट, त्रेसष्टमधून, मी तिथे उभी असताना.

शुक्रवार, २१ मार्च

फोन आला. बारा चाळीसला. मी डबा उघडला होता.

घोंघों आवाज, खांबाला कान लावल्यावर येतो तसा. मग घाईघाईने एक माणूस म्हणाला, झालं, झालं, उतरलो, कुलूप काढलं, द्या सप्लाय. मी विचारलं कोण बोलतंय. तो पुन्हा तेच म्हणाला. झालं, झालं.

आज लाइनवर कोणी नव्हतं. फोन कुठून आला ते पाहिलं. खांब एकोणीसच्या पेटीत जुना फोन होता, त्याचा नंबर. तो फोन काढून नेल्याला तीन वर्षं झाली.

डबा तसाच परत आणला. काकूंना सांगितलं, भूक नव्हती.

सोमवार, २४ मार्च

रोज येतोय. शनिवारी, रविवारी (मी मुद्दाम जाऊन बसले), आज. बारा चाळीस. मी उचलला नाही तरी वाजणं थांबतं आणि आकडा आपोआप शून्य होतो. जणू मी 'हो' म्हटलं.

आज तो घाईत नव्हता. आज म्हणाला, सावकाश लिहा मॅडम, काम झालं, खाली आलो.

तो आवाज काकांचा होता. काका तेव्हा माझ्यासमोर बसून चहा पीत होते.

मंगळवार, २५ मार्च

काकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील. त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले की पोरी, पोरगं वर होतं तोवर वरच होतं, आपल्याला ठाऊक तरी होतं कुठे आहे ते. ऑफिसात असून मला पोरी म्हणाले. मला रडू फुटलं. मी चूक केली. मी त्याला न उतरवता उतरवलं आणि आता तो—

परवा, गुरुवारी, खांब एकोणीसवरचा जोड बदलायचा आहे. तापलाय, तुटला तर खालच्या रस्त्यावर पडेल. चढणार काका. शेवटचं चढणं, मग निवृत्ती. साहेबांकडे गेले, पुढे ढकला म्हटलं. कारण काय सांगू? आकडा? साहेब म्हणाले, दगदग झालीये, दोन दिवस रजा घ्या. मी रजेवर गेले तर फोन दुसरं कोणीतरी उचलेल. गेले नाही.

काकांनी तोड काढली. फोनवर विश्वास ठेवायचा नाही. ते खाली उतरून माझ्या खिडकीखाली येतील, लाल फडकं हलवतील. फडकं दिसल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही, देव आला तरी. मी शपथ घेतली.

गुरुवार, २७ मार्च

दोन्हीकडचा सप्लाय मी स्वतः बंद केला. तीनदा तपासलं. सगळं वेळेसह लिहितेय, नंतर कुणी म्हणायला नको.

११.४५. काकांनी कुलूप लावलं, साखळी टाकली. वर बघून मला हात केला. चढले. लाइनवर माणसं, एक. हा एक खरा. बासष्ट घरं थांबलेली आहेत. त्रेसष्टावं शांत.

१२.१०. सकाळी काकूंनी सांगितलं होतं, एकला जेवायला दोघं या. दोघं म्हणाल्या की तिघं, नीट ऐकलं नाही मी.

१२.३०. आकडा दोन.

१२.३८. जोड बसला बहुतेक. काकांनी साखळी काढली. आता फक्त हत्यारं गोळा करून उतरायचं. उतरा ना. काय पुसताय तो जोड, पुसू दे दुसऱ्या कुणाला—

१२.४०. वाजतोय.

उचलला. काकांचा आवाज. सावकाश लिहा मॅडम, उतरलो, कुलूप काढलं, द्या सप्लाय. समोर काका खांबावर आहेत. मला त्यांची पाठ दिसतेय. मी नाही म्हटलं. नाही, नाही, तुम्ही वर आहात. फोन म्हणाला, तुम्हीच तर लिहिलंत उतरलो म्हणून.

सप्लाय मी दिलेला नाही. स्विच बंद आहे. हात मांडीखाली घालून बसले होते. मी काही दाबलेलं नाही.

आकडा बदलतोय. दोन. एक.

शून्य. 'चढलेला माणूस उतरला आहे', हो. काकांचं नाव. खाली माझं. मी नाही केलं हे

माझ्याकडून वीज येत नाहीये. माझ्याकडून यायची गरजच नाही, हे मला पहिल्या दिवसापासून—

त्रेसष्टावं पाठवतंय. शून्य पॉइंट चार

शून्य पॉइंट नऊ

काकांना फोन लावला. त्यांचा मोबाइल खाली पिशवीत, वाजतोय, इथवर ऐकू येतोय. ते ऐकून वळतायत. आधाराला हात पुढे— मी बंद केला, फोन बंद केला. खिडकी उघडत नाहीये. पेटीजवळ एक काडीसारखा माणूस उभा आहे, वर बघतोय, आणि लाल फडकं हलवतोय, सगळं ठीक आहे, सगळं ठीक, काकांना दाखवतोय

काच फोडते. काका तारेला हात लावू नका, टोकाचं घर, का