कान गार पडतात म्हणून

१ डिसेंबर, सोमवार
दोन सायकली आणल्या. माझी एकवीस गिअरची. ज्योत्स्नाची साधी, पुढे बास्केट. लग्नानंतर तिने सायकलला हात लावलेला नाही, त्यामुळे तिला तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर. टार्गेट: २६ जानेवारीला दोघं सायकलवर त्र्यंबक. ती म्हणाली, आधी गंगापूर धरण तरी गाठू. बायकोला मोठा विचार झेपत नाही.

३ डिसेंबर, सकाळी ७.१५
पहिली राइड. सोमेश्वर ठरलं होतं, अलीकडच्या आनंदवल्लीवरूनच परत. दम वगैरे काही नाही. कान. अकरा डिग्री आणि समोरून वारा. कान जागेवर आहेत की गळून पडले ते हात लावून बघावं लागलं. ज्योत्स्ना माकडटोपी घालून आली होती. चॉकलेटी. नुसते डोळे आणि नाक. गंगापूर रोडवर ओळखीचे लोक फिरायला येतात, म्हणून मी मुद्दाम पुढे राहिलो. नंतर मुद्दाम मागे.
टोपी मी घालणार नाही. प्रश्न टेक्निकल आहे, टेक्निकलीच सोडवायचा.

६ डिसेंबर
कापसाचे बोळे. कानाच्या आत ऊब, बाहेर बर्फ. शिवाय ऐकू येत नाही. मागून एसटी कधी आली कळलंच नाही. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी बोलला. काय म्हणाला ते ज्योत्स्नाला विचारलं. ती म्हणाली, राहू द्या. पुन्हा आनंदवल्लीवरूनच परत.

१० डिसेंबर
ऑनलाइन मागवलेला पट्टा आला. फ्लीसचा, खास सायकलवाल्यांसाठी. कान उत्तम झाकले जातात, पण वरून हेल्मेट बसत नाही. दाबून बसवलं तर पट्टा वर सरकतो आणि कान दुमडून बाहेर येतात. आरशात बघितलं. ज्योत्स्ना हसली नाही. न हसण्याचा प्रयत्न करत होती, ते जास्त वाईट. राइड कॅन्सल. ती एकटी जाऊन आली.

१२ डिसेंबर, ऑफिसात
सातपूरला आमच्या कारखान्यात स्टोअरला नजीर आहे. वीस वर्षं फर्स्ट शिफ्टला सायकलवर येतो. त्याला कानांचं विचारलं. सहज. म्हणाला, मफलर घ्या साहेब, कानांवरून घेऊन गाठ मागे. पहिली दहा मिनिटं हळू चालवा, पण थांबू नका. "कान गार पडले म्हणून माणूस थांबत नाही साहेब, थांबतो म्हणून गार पडतात."
साधा माणूस. त्याला विंड चिल, म्हणजे वाऱ्याने वाढणारी थंडी, समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि माल मोजायला निघून गेला.

१४ डिसेंबर, रविवार
मफलर. कल्पना माझीच, नजीरने फक्त दुजोरा दिला. कान गरम झाले. फारच गरम. सोमेश्वरच्या अलीकडे चढावर डोक्यातून वाफा निघायला लागल्या, म्हणून उतरून सायकल हातात धरून चाललो. ज्योत्स्ना पुढे गेली होती, ती मला शोधत परत आली. बास्केटमध्ये दोन पेरू. माझ्या पेरूला तिखटमीठ जास्त लावून आणलं होतं.
तिचा बॅलन्स बराच सुधारलाय. माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम.

२१ डिसेंबर, रविवार
ज्योत्स्ना धरणापर्यंत जाऊन आली. खालच्या मजल्यावरच्या लताबाईंबरोबर. लताबाई रिटायर्ड नर्स, वय एकसष्ट. मी गेलो नाही, कान ठणकत होता. त्या चहाला वर आल्या तेव्हा त्यांनी टॉर्च लावून बघितला. म्हणाल्या, स्वच्छ आहे, कुठला दुखतोय? मी म्हणालो, डावा. त्या म्हणाल्या, मघाशी उजवा दाखवलात.
मग विचारलं, चढावर धाप लागते का? मी नाही म्हणालो. त्यांनी ज्योत्स्नाकडे बघितलं. ज्योत्स्नाने कपाकडे.

४ जानेवारी, रविवार
आठ डिग्री. भांडण. गेटवर वॉचमन कोंडाजीला मी सांगत होतो की बायकोसाठी मला फार हळू चालवावी लागते. वर आल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, महिनाभर मी ब्रेक दाबत चालवतेय. लोकांना काय सांगायचं ते सांगा, पण एकदा डॉक्टरकडे चला. मला भीती वाटते."
मी म्हणालो, कानांचं एकदा निस्तरू दे, मग जाऊ. ती आत जाऊन मेथी निवडत बसली. दोन जुड्या. एवढी मेथी दोघांना लागत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
गेलो. तिच्या समाधानासाठी. ईसीजी, ट्रेडमिल, रक्त. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, हृदयाला काही झालेलं नाही, फक्त पंचवीस वर्षं बसून आहात. रोज थोडं थोडं वाढवा. ज्योत्स्नाने बाहेर बाकावर बसून डोळे पुसले. मला मात्र चीड आली. बारीकसं काहीतरी तरी निघायला हवं होतं.
कानांचं विचारलं. म्हणाला, टोपी घाला.

२६ जानेवारी, दुपारी २.००
आठला निघालो. मी, ज्योत्स्ना, लताबाई. मी कानटोपी घातली होती, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. निम्म्या वाटेवरच्या महिरावणीपर्यंत गेलो. तिथे उतरलो. म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. ज्योत्स्ना म्हणाली, थांबते की. मी हात हलवला. ती घुटमळली, मग दोघी गेल्या. चढावर ती उभी राहून पेडल मारत होती. बिनगिअरची सायकल. वळणापर्यंत एकदाही मागे बघितलं नाही. चालवताना मागे बघायचं नाही, हे मीच शिकवलंय.
टपरीवर बसलो. ऊन चांगलंच चढलं होतं. टपरीवाल्याने विचारलं, काय झालं? मी कानाला हात लावला. कान गरम होते. दुसरं काही पटकन सुचेना. चहा सांगितला.
साडेदहाला तिचा फोन. पोचल्या. मागे गर्दीचा आवाज. तिने विचारलं, कुठे आहात? तिथेच, म्हणालो. का थांबलात, काय होतंय?
"दम लागला."
ती म्हणाली, बसा तिथेच, काहीतरी खाऊन घ्या, येताना बरोबर जाऊ.
बसलो. दोन वडापाव खाल्ले. परतीला बराचसा उतार आहे. तरी तिला माझ्यासाठी दोनदा थांबावं लागलं.