तेवीस तबकड्यांची आंघोळ

३ मार्च, मंगळवार
आधी आली ती दातांची डॉक्टरीण. चारचं ठरलेलं, ही साडेतीनलाच दारात, आणि माझं डोकं तेलाने चिप्प. मागून रिटायर झालेला पोस्टमन, जिना चढून धापा टाकत. ह्या वयात तो ट्रॉम्बोन वाजवतो म्हणे! फुंकायला दम कुठून आणतो देव जाणे. दोघं जुन्या जॅझच्या मंडळाचे. कुणाकडे कुठली तबकडी आहे, कुठे जाऊन ऐकता येईल, याची यादी छापणार, शौकिनांसाठी. त्यात ह्यांचं नाव घालणार! हे जाऊन दोन वर्षं झाली, आणि नाव आत्ता छापून येतंय. आनंदाच्या भरात चहात साखर दोनदा पडली. पुढच्या मंगळवारी येऊन तेवीसच्या तेवीस बघणार.
ठराव: तोवर घर आरशासारखं.

४ मार्च, सकाळ
तबकड्यांवर बोटभर धूळ. हे कोरड्या फडक्याने पुसायचे, एकेकीला पाव तास. पुरुषांना कामाचा उरक नसतोच. मी घेतलं कोमट पाणी आणि भांड्यांचा लिंबाचा साबण. तासाभरात तेवीस. लख्ख!

दुपार
मधल्या गोल चिठ्ठ्या सुटल्या. सगळ्या. बादलीत तरंगताहेत.
कागदीच होत्या, त्याला मी काय करणार. डिंक जुना.

५ मार्च
चिठ्ठ्या दोरीवर चिमटे लावून वाळवल्या. वरचं छापील इंग्रजी मला वाचता येत नाही. पण प्रत्येकीवर ह्यांनी पेन्सिलीने नंबर टाकलाय, आणि वहीत नंबरवार मराठीत लिहून ठेवलंय. नं. ४, सुरुवातीला क्लॅरिनेट एकटी. नं. ९, बॅन्जो जोरात. म्हणजे ऐकायचं, ओळखायचं, चिकटवायचं. सोपं. चाळीस वर्षं ह्याच घरात वाजत होतं की.

७ मार्च
नातीने सुई ठेवायला शिकवली. ओळखू काही येत नाही. सगळी वाद्यं एकदमच बोलतात, माझ्या नणंदांसारखी.
खरं लिहायचं तर चाळीस वर्षं मी स्वयंपाकघराचं दार लावून घेत होते. हे हाक मारायचे, अगं ये, ही ऐक. मी म्हणायचे, भांडी पडलीत. भांडी काय, रोजच पडतात.

९ मार्च
वहीत नं. ११ पुढे लिहिलंय: ही हिला आवडेल. आज दार बंद होतं.
किती वेळा वाचलं. मग एक तबकडी लावली तर माझा पाय आपोआप हलायला लागला. हीच! अकरा चिकटवली. बाकीच्या अंदाजाने, एक-दोन नातीने लावल्या. माझा अंदाज सहसा चुकत नाही.
ठराव: धुण्याबद्दल अवाक्षर नाही. दमट हवेने सुटल्या म्हणायचं.

१० मार्च, मंगळवार
पोस्टमनने पहिलीच तबकडी नाकाशी धरली. म्हणाला, काकू, हवा दमट असेल हो, पण हवेला लिंबाचा वास? मग सगळं सांगून टाकलं, दारासकट. वाटलं डॉक्टरीण रागावणार. ती म्हणाली, मी रोज पेशंटांना सांगते एवढं घासू नका, ऐकतंय कोण!
दोघं नुसतं ऐकून नाव सांगतात. आठ वाजवून झाल्या. एकच चिठ्ठी बरोबर, तीही नातीने लावलेली. माझी लाडकी अकरा निघाली नंबर दोन. वहीत दोनपुढे ह्यांनी लिहिलंय: नुसता गोंगाट. का घेतली कुणास ठाऊक.
खरी अकरा अजून सापडायचीय. पंधरा उरल्यात. यादी तोवर थांबवतील, पण मीही शेजारी बसून ऐकायचं, अशी पोस्टमनची अट.
मंगळवार, १७ मार्च, चार वाजता. म्हणजे साडेतीन. भांडी दोनलाच घासून ठेवायची.