चांगुणेची बोली

डोणगाव
रविवार, संध्याकाळ

प्रिय महामाया,

तुझी आई म्हणते, फोन करा. पण फोनवर मी 'जेवलीस का' याच्या पुढे जात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला; आई याचा फोटो काढून आजच तुला पाठवेल.

तू आईच्या मोबाइलवर पाठवलेली, तुझ्या 'उडती चांगुणा' या कॉमिकची पानं मी छापून आणली. झेरॉक्सवाल्या गोकुळने मशीन मध्येच थांबवलं आणि पहिली चार पानं उभ्याउभ्याच वाचली. अंगणवाडीची बाई पदर खोचून उडते, आणि उडताना तिची एक चप्पल नेमकी सरपंचाच्या ताटात पडते, इथं तर गोकुळ खुर्चीवरच बसला. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं.

मला तुझं लहानपण आठवलं. मी मेहकर डेपोत कंडक्टर असताना गाडीत कॉमिक्स सापडायची. डेपोत जमा करायचो, पण ती मागायला कुणीच यायचं नाही. मग तिथले नारायणराव ती मला परत द्यायचे, 'पोरीले वाचायले ने' म्हणायचे. तुझ्याआधी मीच वाचायचो, हे आज कबूल करतो. तू एकदा विचारलं होतंस, "बाबा, हे चड्डी वरून काऊन घालतात?" मी म्हणालो होतो, "घाईत उडाले असतील." तू दोन दिवस हसत होतीस. पण त्या पुस्तकांतले सगळे वीर गोरेगोमटे, उंच, एकाच तऱ्हेने बोलणारे. आपल्यासारखं बोलणारा एखादाच भेटायचा. तो पहारेकरी असायचा आणि दुसऱ्या पानावर मार खाऊन पडायचा. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. तुला खटकलं असावं.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी सकाळी बुद्धविहारातलं वाचनालय उघडतो. आज तुझी पानं तिथं नेली. शेजारच्या जानरावांची नात छकुली येते, सहावीत आहे. शाळेत वाचायला उभं केलं की मुकी होते, मास्तरांनी नाद सोडलाय. तिने पानं उचलली आणि मनातल्या मनात वाचू लागली. सार्वजनिक विहिरीला कुलूप लावणाऱ्या कुलूपराक्षसापाशी पोहोचली आणि एकदम मोठ्याने वाचलं, "काऊन बे, कोनाले इचारून कुलूप लावलं?" पोरं हसली. ती घाबरली नाही. उलट पुन्हा वाचलं, कमरेवर हात ठेवून. मग पुढची सगळी पानं तिने मोठ्याने वाचली, न अडखळता. शेवटी मला म्हणाली, "आबा, पुस्तकात असं बोलता येते?"

मी "हाव" म्हणालो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो.

कारण कॉलेजच्या होस्टेलमधला तुझा पहिला दिवस मला आठवला. तू रेक्टरबाईंना म्हणालीस, "मले खोली दाखवा ना." मागं दोन मुली हसल्या. मी तुला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "इथं असं बोलू नको. नीट बोल." तू मान हलवलीस. त्यानंतर चहा होईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, आणि मी बस पकडून निघून आलो. दिवाळीला घरी आलीस तेव्हा आईशीसुद्धा 'मला, तुला' करत होतीस. आई रात्री मला म्हणाली, पोरगी पाहुण्यासारखी बोलते. मी म्हणालो, शिकली आहे ती. माझा अभिमानच होता तो.

विहारातून परत आल्यावर आईने सांगितलं ते ऐकून मात्र जेवण गेलं नाही. प्रकाशकाने तुला चांगुणेची भाषा शुद्ध करायला सांगितलं, चित्रात मागं दिसणारं विहार काढून नुसतं झाड ठेवायला सांगितलं, आणि तू तयार झालीस. उद्या होकार कळवणार आहेस. मी कागदावर लिहून पाहिलं : 'का रे, कोणाला विचारून कुलूप लावलंस?' माया, हे वाचून कुलूप निघत नाही. राक्षस तर जांभई देईल. तुला हो म्हणायला त्या प्रकाशकाने शिकवलं नाही. मी शिकवलं, त्या होस्टेलच्या दारात.

आता पुढचं आपल्या बोलीत लिहितो, लिहायची सवय नाही, समजून घे. पोरी, तवा मी चुकलो. तुही बोली खराब नोती, मले लोकाइच्या हासन्याचं भेव वाटलं होतं. चांगुणाले तिच्याच तोंडानं बोलू दे. विहार बी राहू दे, ते हाये म्हनून हाये. त्या साहेबाले उद्या हो म्हनू नको. अडलं तं मले सांग, मी सकाळच्या गाडीनं येतो अन् त्या साहेबापुढं तुह्या बाजूच्या खुर्चीवर बसतो. या खेपेले मी तुले चूप बस म्हननार नाही.

तुहाच,
बाबा