भुऱ्यामार्फत

२४ डिसें., बुध.
अकोल्याहून निघालो. वरूडजवळ संत्र्याच्या बगीच्यात कॉटेज घेतलंय, रविवारपर्यंत. मागच्या सीटवर भुऱ्या, पुढे आम्ही दोघं आणि आमचा अबोला. दिवाळीनंतर ऋतूनं कोर्टात लग्न केलं, साक्षीदार म्हणून मी सही केली. तेव्हापासून हे लेकीशी बोलत नाहीत, माझ्याशीही नाही. जे काय बोलायचं ते कुत्र्याशी. "भुऱ्या, तुया मायले म्हण, पाण्याची बाटली दे." दिली.
भुऱ्याला ऋतूनंच आणलं, कॉलेजात असताना. तेव्हा हेच ओरडले होते, "घरात कुत्रं राईन, नाहीतर मी राईन!" दोघंही राहिले.

२५, गुरु.
दोन खोल्या, पुढे ओसरी, चहूकडे संत्री. गार वारा. बगीचा सांभाळणाऱ्या सुमनबाईच स्वयंपाक करतात. पाटवडीचा रस्सा यांनी तीनदा घेतला. तारीफ अर्थात भुऱ्याजवळ. भुऱ्याला वानरांचं वेड लागलंय, भुंकून भुंकून घसा बसला मेल्याचा.
सुमनबाईंनी विचारलंच. "काहून जी ताई, सायेब कुत्र्यासंगच बोलून रायले?"
म्हटलं, "लेकी बोले सुने लागे. आमच्या घरी सून नाही, म्हून कुत्रं."
त्या खूप हसल्या. मला काही हसू आलं नाही.
संध्याकाळी ऋ.चा फोन, अमरावतीहून. "आई, शनिवारी आमी दोघं येऊ का तिथं? बाबाले विचार ना." विचारते म्हटलं. कसं विचारू, कपाळ माझं!

२६, शुक्र.
सकाळी हे ओसरीत संत्रं सोलत बसलेले. धीर केला. "भुऱ्या, तुया बापाले सांग, ऋतू अन् जावई उद्या येतो म्हनतात."
एक फोड भुऱ्याला, एक स्वतःला. मग खाली बघत म्हणाले, "भुऱ्या, पोरात खोट नाही रे. पन मले कोनी विचारलंच नाही."
एवढंच. इतके दिवस मला वाटत होतं, जावई पसंत नाही. वाईट वाटलं. रागही आला. विचारलं असतं तर हो म्हणाले असते? ते भुऱ्यालाच माहीत.
दुपारी भुऱ्या वानरांमागे पळाला, तो येईचना. चहाला आम्ही दोघंच. बोलणार काय, आणि कुणामार्फत? बशी खाली ठेवून हे एकदम उठले. "चाल, पाहू." हे कुणाला? तिथं मीच होते. मी गेले पाठोपाठ. बगीचाभर हाका मारल्या. महाराज सुमनबाईंच्या अंगणात, बकरीला टेकून झोपलेले.
परतताना पुन्हा तेच. "भुऱ्या, तुया मायले सांग, काटे हायेत, खाली पाहून चाल म्हणा."

२७, शनि.
सकाळी ऋ.चा फोन. निघावं की नाही? मी स्पीकर चालू केला, फोन यांच्यापुढे ठेवला.
"आई? ... बाबा?"
हे फोनकडे बघत राहिले. वाटलं, उठून जातात आता. पण खाकरले.
"भुऱ्या, तुया ताईले सांग, गाडी हळू चालवा म्हणा. संत्र्याचे ट्रक लय रायते रस्त्यानं."
पलीकडे पोरगी हसत होती की रडत, कळेना. मग म्हणाली, "भुऱ्या, बाबाले सांग, निघालो आमी."
भुऱ्या तिकडे चुलीपाशी, भाकरीच्या आशेनं बसलेला. ओसरीत नव्हताच. यांनाही ते दिसत होतंच की.
आता इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे आहेत. मधेच वळून म्हणाले, "जावयाले तिखट चालते का?"
मी आजूबाजूला पाहिलं. भुऱ्या अजून चुलीपाशीच. "चालते," म्हटलं.
मान हलवली, परत रस्त्याकडे तोंड.
जावई उतरल्यावर काय बोलतील, बोलतील तरी का, देव जाणे.