पळसाजवळचा अकरावा

१२ डिसेंबर २०२४
धरण वसाहत, ता. सेलू

जिजाताई,

कुंदनचा नमस्कार. सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम पडला का? स्वीटीला सांग, मामाने तिच्यासाठी स्वेटर घेऊन ठेवलाय.

इथे मला तीन महिन्यांचं काम मिळालंय. धरणावर गळ टाकायला किती लोक येतात, किती तास बसतात, किती रोहू-कटला नेतात, याचा अंदाज काढायचा. दिवसातून दोनदा भिंतीवरून दुर्बिणीने माणसं मोजायची, मग काठाने फिरून एकेकाला विचारायचं, मासे तोलायचे. जेवण देवकाबाईंकडे. बरं चाललंय.

बरं नाही चाललेलं.

पहिल्या आठवड्यापासून आकडा जुळेना. भिंतीवरून अकरा दिसायचे, काठावर दहाच भेटायचे. अकरावा रोज त्या एकट्या पळसाजवळ, पाण्याकडे तोंड करून. तिथे पोचलो की कोणी नाही. गवत मात्र दबलेलं, ओलं. साहेब म्हणाले, "दुर्बीण पूस." पुसली. देवकाबाईंना विचारलं तर त्या भाजी वाढता वाढता थांबल्या. "तिकडं कोनी बसत नाई बापू. मागच्या वर्षीपासून."

परवा सकाळी धुकं होतं. पळसाजवळ गेलो तर तो होता. पाठमोरा. निळ्या शर्टाच्या खांद्यावर तुझ्या हातची शिवण. वहीत मान घालून मी नेहमीचंच विचारलं, "केव्हापासून बसले?"

"तू पळाला तवापासून."

"मासे किती?"

"एकबी नाई. जिजाले सांगितलं का तू?"

मान वर केली तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

ताई, भाऊजी तुला टाकून हैदराबादला गेले नाहीत. मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मी घरी झोपलो होतो असं सांगितलं, ते खोटं. आम्ही दोघं इथेच होतो. गळ अडकला म्हणून ते पाण्यात उतरले आणि गाळात रुतले. "कुंदन, हात दे," म्हणाले. मी चार पावलं गेलो. पाणी छातीला लागलं आणि मी मागे फिरलो. मदत आणायला चाललोय, असं स्वतःला सांगत होतो. रस्त्यावर माणसं होती. कोणालाच हाक मारली नाही.

त्यांची गाडी सिंदी स्टेशनवर मीच नेऊन लावली.

लोक तुला म्हणायचे, नवरा दुसरीपायी गेला. मी तुझ्याच घरात बसून ते ऐकायचो, तू केलेला चहा प्यायचो.

काल ठाण्यात सगळं सांगितलं. उद्या सकाळी पळसापाशी पाणबुडे उतरतील. पोलीस तुझ्याकडे येण्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून देवकाबाईंच्या नागेशला हिंगणघाटला पाठवतोय. फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

सासूबाईंना घेऊन ये. मी काठावरच असेन. मारलंस तर मार. माझ्याशी बोलू नयेसं वाटलं तर नको बोलूस. पण आता कुंकू पुसायला सांगतील त्यांना आणि नवरा पळाला म्हणणाऱ्यांना एवढं सांग, की ते शेवटपर्यंत तुझेच होते.

त्यांना पाण्यात सोडून आलेला,
कुंदन