तुझी तक्रार मी बंद केली त्याबद्दल

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून, आणि त्याला मी आता घरातलं धरत नाही. तुझी खुशाली विचारायला फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागद मध्येच कट करता येत नाही. (फाडता येतो. पण आत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.)

तू का रुसलीस ते मला ठाऊक आहे. पण तुझी तक्रार माझ्या हातात कशी आली ते आधी ऐक. तुझ्या फोनवर ते गोळ्यांचं ॲप आहे ना, वेळ झाली की वाजतं, "गोळी घेतली का" विचारतं आणि आपण "घेतली" दाबायचं, त्यावर माझी नात काम करते. ते कुणा कंपनीचं नाही. ठिकठिकाणची हुशार माणसं मिळून फुकट बनवतात आणि फुकट वाटतात. (पगार कोण देतं असं विचारलं तर नात नुसती हसली. म्हणजे कुणी नाही.) बिघाड सापडला की कुणीही त्यांच्या पानावर तक्रार लिहायची. आपल्या भाषेतल्या तक्रारींचा ढीग साचला होता, कारण लिहिणारे सगळे आपल्या वयाचे आणि वाचणारी पोरं दुसऱ्या ओळीतच दमायची. मी म्हटलं, मी बघते. शाळा चौथीत सुटली असेल, पण गाऱ्हाणी ऐकायची सवय दांडगी. चार नणंदा होत्या मला.

काम सोपं. दुरुस्ती आपण करायची नाही, नुसतं निवडायचं. तक्रार खरी की खोटी, नवी की आधीच कुणी केलेली. अर्धवट असेल तर विचारायचं, काय दाबलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं? मग चिठ्ठी लावून ज्याच्या त्याच्याकडे धाडायची, नाहीतर बंद करायची. एकाने लिहिलं, "चालत नाही." विचारलं, काय दाबलंत? म्हणाला, सगळंच. एक बाई म्हणाली, हे पाहुण्यांसमोर वाजतं आणि सगळ्यांना माझे रोग कळतात. ती मी खरी धरली. एका निवृत्त साहेबांना आवाज उद्धट वाटला. मी लिहिलं, साहेब, गोळी घ्या, गप्प बसेल. असल्यांसाठी मी माझी एक चिठ्ठी काढली, "रडगाणं". त्यावर त्यांचा म्होरक्या (पडद्यावर पाहिलाय, मी त्याला दाढीवाला म्हणते) याने नातीकरवी फार अदबीने कळवलं की असं लिहीत नाहीत. मग त्याने त्याच अर्थाची एक सभ्य चिठ्ठी काढली, आणि आता सगळ्या भाषांतले लोक ती धडाधड चिकटवतात. सुखात आहे मी. सकाळचा चहा, चष्मा, परक्यांची गाऱ्हाणी आणि कुणी उलट बोललं तर बंद करायचं बटण. हे बटण लग्नात कुणी आहेर म्हणून दिलं असतं तर!

आता तू. तक्रार आली "सूर्यफूल" या नावाने, पण मी पहिल्या ओळीत ओळखली. गोळ्या राहिल्या बाजूला; आधी शेजारणीने बादली परत दिली नाही, मग जिन्यातला दिवा, मग सुनेचं घोरणं. (सासूही घोरते, पण ते राहू दे.) मी अर्ध्यात सोडली, सभ्य चिठ्ठी लावली, खाली लिहिलं, "बाई, यात बिघाड फोनचा नाही," आणि बंद केली. (हे कोण बोलतंय ते तूही पहिल्या शब्दात ओळखलंस, म्हणून हा रुसवा.) दिवसभर खुशीत होते.

परवा एका गृहस्थांची तक्रार आली. बॅटरी संपून फोन बंद पडला, पुन्हा सुरू केला, तर घेतलेल्या गोळीचं ॲपने परत विचारलं. नात म्हणाली, "आजी, असं आधी कुणी लिहिलंय?" मी ठणकावून सांगितलं, नाही. तिने शोधलं तर एक सापडली. तुझी. घोरण्याच्या खाली, तुझ्या सहीच्याही खाली, ता.क.: फोन बंद पडून सुरू झाला, त्याने परत विचारलं, वाटलं घेतलीच नसेन, रक्तदाबाची गोळी दोनदा गेली आणि बाथरूमच्या दारात भोवळ येऊन बसले.

"आजी, शेवटपर्यंत वाचलं नव्हतंस?"

आपल्या घरात कामाची गोष्ट ता.क.मध्येच लिहितात, हे मला माहीत नसेल तर कुणाला? दादाचं लग्न ठरल्याचं आईने मला पडद्यांच्या मापाखाली कळवलं होतं. परक्यांचं मी अक्षर न् अक्षर वाचते. तुझं आलं की वाटतं, हिचं मला पाठ आहे. चूक माझी. हे परत लिहायला लावू नकोस.

अडचण अशी की नातीच्या फोनवर तो बिघाड होतच नाही. बंद करून, चालू करून दमली पोरगी. त्या गृहस्थांनी रागाने ॲपच काढून टाकलं. आणि बिघाड डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो काढता येत नाही. तोवर कोण कोण दोनदा गोळ्या गिळत असेल देव जाणे.

बाकी ठीक. घरात सगळ्यांना आशीर्वाद, घोरणारीलाही.

तुझी
थोरली

ता.क. तुझा फोन हवा आहे. तो एकटा येणार नाही, म्हणून तूही ये. चार्जर आण. "मी नीट करून देतो" म्हणणाऱ्या जावयाला हात लावू देऊ नकोस. बिघाड जसाच्या तसा हवा. तुझी गादी उन्हात टाकली आहे. त्यात माया वगैरे काही नाही, ती दमट झाली होती.

आणखी ता.क. तुझी तक्रार मी पुन्हा उघडली आणि वर "खरी" अशी चिठ्ठी लावली. तुझ्या बाबतीत हे जन्मात पहिल्यांदाच. बादलीचंही वाचलं. ती देणार नाही, नवी घे.

शेवटचा ता.क. माझी पत्रं तू खालून वर वाचतेस हे मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणजे तुझ्यासाठी पत्र इथे सुरू होतं. गोळी एकदाच घे. घेतलीस की पाकिटावर पेनाने खूण कर, मग फोन काय हवं ते विचारू दे. आता वर वाच.