ओढ्याच्या तोंडाशी बुडालेले जाळे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मासेमारी (नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्याच हट्टाने बंद केलेला), कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे कमरेखालचे अंग गेले आहे, डोके नाही. सूनबाईंनी याची नोंद घ्यावी.

१. राहते घर मुलाला. मागच्या खोलीवर मुलीचा हक्क राहील. माहेरी आल्यावर तिला पाहुणीसारखे बाहेर झोपवू नये. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी. भांडण्याइतकी ती नाही.

२. होडी, वल्ही आणि जाळे विणायच्या सुया धाकट्या भावाला. तो माझ्याशी बोलत नाही आणि त्याचे बरोबर आहे. तलावातला मासा संपत आला तेव्हा मासेमारीवर बंदी आणून सगळ्यांची बारीक जाळी काठावर जाळायला मीच लावली. तो म्हणाला, "दादा, एवढं तरी राहू दे. वहिनीनं विणलंय." मी तेही आगीत टाकले. तेव्हापासून तो गोदामात पोती उचलतो.

मासा मात्र परत आला. कोणी न सोडलेला, आपला आपण वाढलेला. तलाव समितीच्या कचेरीत माझा फोटो लावला आहे. तो काढावा.

३. कारण असे. बंदीच्या दुसऱ्या वर्षी मी गुपचूप जाळे टाकले. घरात काही कमी नव्हते. हाताला चैन पडेना, एवढेच. उत्तरेचा ओढा तलावाला मिळतो तिथे ते बुडालेल्या बुंध्यांत अडकले. निघेना. कोणाला दिसू नये म्हणून वरचे तरंगते बोये कापून टाकले आणि घरी येऊन जेवलो. नायलॉन कुजत नाही. अंडी घालायला मासा त्याच ओढ्यात चढतो, आणि सात वर्षे तिथे अडकून मरतो आहे.

मासे मोजायला येणाऱ्या बाई मला विचारत होत्या, "काका, सगळीकडे वाढलाय, मग या ओढ्यातच का नाही हो चढत?" मी म्हणालो, "पाणी गढूळ असेल." त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मुलाला सांगून पाहिले. तो आता समितीचा अध्यक्ष आहे. "बाबा, विसरा ते. माझी काय अब्रू राहील?" भावाला बोलावणे धाडले, तो आला नाही. परक्यासमोर तोंड उघडायची माझी छाती होत नाही. भित्रा आहे मी.

म्हणून ते जाळे भावाला देतो. काळ्या खडकापासून ओढ्याकडे वल्ह्याचे चाळीस फटके. त्याने ते काढावे आणि कोणाचे होते ते चारचौघांत सांगावे.

४. वकील म्हणतात, हा कागद मी गेल्यावरच उघडेल. मासा पुढच्या महिन्यात चढेल. त्याआधी मला मरण यावे, एवढीच इच्छा आहे. ती माझ्या हातात नाही.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळची खाट
दिनांक: अकरा मे
सही

साक्षीदार (मजकूर वाचला नाही, सही आमच्यासमोर झाली):
१) शेजारचे शिंपी
२) शाळेचे निवृत्त शिपाई

डॉक्टरांचा दाखला: आज तपासले. शुद्धीवर आहेत, बोलणे सुसंगत. काकांनी उगाच घाई केली आहे. हृदय ठणठणीत आहे, अजून चार-पाच वर्षे आरामात काढतील.